नाव घेणं आणि नाव राखणं

या कार्यक्रमात मी नेहमी हप्त्याचं, व्याजाचं आणि बँकेच्या फेऱ्यांचं बोलते. आज इतिहासाचं बोलणार आहे, पण सुरुवात पैशाच्या पेटीपासूनच करावी लागेल.

माझ्याकडे जे गट आहेत, त्यांपैकी एका गटात मागच्या वर्षी पेटीतले सहाशे रुपये कमी भरले. गाव नागपूरपासून तासाभरावर आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात चूक गावाची नव्हती. आम्ही पैसे तीनदा मोजले. रजिस्टर म्हणत होतं एक आणि पेटी म्हणत होती दुसरंच. गटातल्या सगळ्यात मोठ्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, "ज्याच्या त्याच्या देवाची शपथ घ्या न मोकळ्या व्हा." मग एकेक बाई उठली, कुणी देवाशपथ म्हणाली, कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. बैठक ज्यांच्या घरी होती तिथे भिंतीवर देवाचा फोटो होता, त्याला हात लावून काहीजणी बोलल्या. एका वहिनीची पाळी आली, तेव्हा ती जागेवरूनच म्हणाली, "मी घेतले नाहीत. पण शपथ घेणार नाही."

"काऊन घेत नाही वो?"

"नाही म्हटलं ना मी. नाही म्हणजे नाही. त्याच्यावर देवाचं नाव कशाला पाहिजे?"

ती ख्रिस्ती आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. तिचं माहेर छत्तीसगडात धमतरीकडचं. कुणीतरी हळूच "चोराच्या मनात चांदणं" म्हणालं. हळूच म्हटलेलं तिला ऐकू गेलं, आणि मलाही. मी काही बोलले नाही. गटाची सहयोगिनी म्हणून तिथे मी एकटीच अशी होते की जिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं असतं, तरी मी गप्प बसले, हे आधी सांगून टाकते.

दोन दिवसांनी घरी बसून पासबुकं आणि रजिस्टर जुळवताना हिशोब सापडला. एका बाईनं कर्जाच्या परतफेडीचे सहाशे रुपये "संध्याकाळी आणून देते" म्हटलं होतं. मी घाईत ते जमा म्हणून लिहून टाकले होते, आणि ती बाई संध्याकाळी माहेरी निघून गेली होती. पेटी बरोबर होती, चूक माझ्या हाताची होती.

मी वहिनीच्या घरी गेले. तिनं चहा केला, पण बराच वेळ बोलली नाही. नंतर मी विचारलं, शपथ घेतली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं, मग का नाही घेतली? ती म्हणाली, "ताई, तुमच्या गटात कर्ज घेताना जामीनदार लागतो ना? माझ्या शब्दाला देवाला जामीनदार करायचं नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलं आहे. त्याचं नाव पवित्र आहे."

पवित्र नाव म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. बी.ए.ला इतिहास होता माझा, म्हणून शोधायची सवय आहे. जे वाचलं आणि वहिनीकडून, तिच्या मंडळींकडून जे ऐकलं, ते तुम्हाला सांगते.

आपल्यातल्या मोठ्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "अहो", "हे", नाहीतर "आमच्या मोठ्याचे बाबा". जनधन खातं काढायला मी त्याच काकूंना बँकेत घेऊन गेले होते, तेव्हा साहेबांनी पतीचं नाव विचारलं तर काकूंनी सुनेला कोपरानं ढोसलं आणि सुनेनं नाव सांगितलं. नाव येत नव्हतं म्हणून नाही. ते तोंडानं सहज घ्यायचं नसतं, म्हणून. आणि तेच नाव लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर उखाण्यात घ्यायचं असतं.

यहुदी लोकांचं त्यांच्या देवाच्या नावाशी अगदी असंच आहे. त्यांच्या ग्रंथात देवाचं नाव चार अक्षरांत लिहिलेलं आहे. पण वाचताना ते उच्चारायचं नाही, त्याऐवजी "अदोनाय" म्हणजे "प्रभू" म्हणायचं, अशी रीत येशूच्या जन्माच्या आधीपासून पडली. यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक वर्षातून एका दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, ते नाव उच्चारत असे, आणि ऐकणारे लोक जमिनीला कपाळ टेकत. मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमन फौजांनी पाडलं. नाव उच्चारण्याचा तो प्रसंगच उरला नाही, आणि खरा उच्चार काळाच्या ओघात हरवला. मराठी बायबलमध्ये त्या चार अक्षरांच्या जागी आपण "परमेश्वर" वाचतो.

हे लोक फार दूरचे आहेत असं समजू नका. आपल्या कोकणात, रायगडाच्या बाजूला, बेने इस्राएल म्हणून यहुदी समाज शेकडो वर्षं राहिला. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावातले लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी बोलायचे, आणि प्रार्थनेत ते नाव आलं की "अदोनाय" म्हणायचे.

येशूचा जन्म अशा समाजातला. म्हणून त्याच्या बारशाची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे बाराव्या दिवशी आत्या कानात नाव सांगते. तिथे आठव्या दिवशी नाव ठेवत. या बाळाचं नाव मात्र कुणा नातेवाइकानं निवडलं नव्हतं. जन्माआधीच देवदूतानं योसेफाला स्वप्नात नाव सांगितलं आणि कारणही सांगितलं की हा आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. मूळ हिब्रू नाव येशुआ, आणि त्याचा अर्थच "परमेश्वर तारतो" असा. गंमत अशी की त्या काळात हे अगदी साधं नाव होतं. आपल्याकडे गल्लीत दोन-चार गणेश असतात तसं. जुन्या करारातला यहोशवा आणि येशू हे मुळात एकच नाव आहे.

आणि "ख्रिस्त" हे त्याचं आडनाव नाही. मला बरीच वर्षं तसंच वाटायचं. राजाच्या डोक्यावर तेल ओतून त्याला गादीवर बसवत, त्या अभिषेक झालेल्याला हिब्रूत "माशियाह" म्हणत. हिंदी सिनेमात आपण "मसीहा" ऐकतो तो हाच शब्द. त्याचं ग्रीक भाषांतर "ख्रिस्तोस". तर येशू हे नाव आणि ख्रिस्त ही पदवी.

यहुद्यांनी जे नाव ओठावर आणलं नाही, त्याच देवाचा अर्थ पोटात घेऊन एक नाव आलं, आणि ते मात्र कोणीही घ्यावं, कोणत्याही भाषेत घ्यावं, अशी ख्रिस्ती लोकांची सुरुवातीपासूनची रीत. येशू स्वतः अरामी भाषा बोलत होता, पण त्याची चरित्रं लिहिली गेली ग्रीकमध्ये, आणि तिथे त्याचं नाव "इएसूस" झालं. म्हणजे पहिल्या पिढीतच उच्चार बदलला. गोव्यात कोकणीत जेजू, हिंदीत यीशु, मुसलमान ईसा म्हणतात, इंग्रजीत जीझस, आपल्याकडे येशू. आपल्या नागपुरात तर एकाच गल्लीत तीन उच्चार ऐकू येतील. गोव्याच्या सहलीला गेलात तर जुन्या गोव्यात बॉम जेझस चर्चच्या दर्शनी भिंतीवर, वरती, आय, एच, एस अशी अक्षरं पाहा. इंग्रजी वाटतात, पण ती त्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं आहेत. त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं मराठीत, ओवी छंदात, क्रिस्तपुराण रचलं आणि १६१६ मध्ये ते छापलं गेलं. जन्म इंग्लंडचा, आणि येशूचं नाव आणलं आपल्या जात्यावरच्या ओवीत.

कॅथलिक चर्चमध्ये ३ जानेवारी हा येशूच्या पवित्र नावाचा दिवस मानतात. तो आपल्या सावित्रीबाईंच्या जयंतीचाही दिवस. त्या दिवशी आमच्या गटांचा कार्यक्रम असतोच, तेव्हा वहिनीला हे सांगायचं माझ्या मनात आहे. ती कॅथलिक नाही, तरी हसेल.

आता नागपूरची गोष्ट. ना. वा. टिळक, म्हणजे लोकमान्य नव्हेत, कवी नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातला. एका जागी न टिकणारा माणूस. १८९० नंतर काही वर्षं ते आपल्या नागपुरात होते, बुटी घराण्यातल्या अप्पासाहेबांच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम करत होते, आणि 'ऋषी' नावाचं हिंदू धर्मविचारांचं मासिक चालवत होते. त्या वेळी स्कॉटिश मिशनला नागपुरात येऊन पन्नास वर्षं होत आली होती, हिस्लॉप कॉलेजही सुरू झालेलं होतं. पण टिळकांना हे नाव भेटलं ते चर्चमध्ये किंवा कॉलेजात नाही. ते भेटलं आगगाडीत.

१८९३ च्या सुमाराला टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले. नवरात्रात आपण डोंगरगडच्या बम्लेश्वरीला जातो ना, तीच लाईन. डोंगरगडच्या पुढे राजनांदगाव. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. दोघांचं संस्कृत कवितेवर बोलणं सुरू झालं, मग धर्मावर आलं. उतरताना त्यानं टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, आणि तुम्ही हे मनापासून वाचलंत तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. तो माणूस कोण होता ते टिळकांना नंतरही कळलं नाही. टिळकांना पुस्तक आधी आवडलंही नाही. पण वाचीन म्हणून शब्द दिला होता, म्हणून वाचत राहिले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले तेव्हा मात्र ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना.

ते प्रवचन तीनच अध्यायांचं आहे. वहिनीनं शपथ का घेतली नाही, ते समजावं म्हणून मी ते मुद्दाम वाचलं. त्यात नावाबद्दल तीन जागी बोललेलं आहे.

पहिली जागा शपथेची. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको, ही दहा आज्ञांतली आज्ञा यहुद्यांना होतीच. तिचा एक अर्थ असा घेतला जायचा की खोटी शपथ वाहू नको. येशू त्याच्या पुढे जातो आणि सांगतो की शपथ वाहूच नका. हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा. बैठकीत वहिनी जे बोलली ते शब्द तिचे स्वतःचे, पण विचार तिथला होता. सगळे ख्रिस्ती लोक हे इतक्या कडकपणे पाळत नाहीत, कोर्टात बायबलवर हात ठेवून शपथ घेणारे आहेतच. पण मेनोनाइट नावाचा पंथ पाळतो. या पंथाचे मिशनरी १८९९ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, धमतरीला आले आणि तिथे त्यांचं काम उभं राहिलं. वहिनीचं माहेर त्याच मंडळीतलं. इंग्लंडमध्ये क्वेकर म्हणून दुसरा पंथ आहे, तेही शपथ घेत नसत. त्यासाठी तुरुंगात गेले, मालमत्ता गमावली. शेवटी सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कायद्यानं त्यांना शपथेऐवजी नुसतं गांभीर्यानं सांगण्याची मुभा दिली. टीव्हीवर मंत्र्यांचा शपथविधी बघताना कुणी "ईश्वरसाक्ष" म्हणतं, कुणी "गांभीर्यपूर्वक" म्हणतं, ते ऐकलं असेल. आपल्या राज्यघटनेत दोन्ही वाटा ठेवल्या आहेत. म्हणजे देशाचा मंत्री जे करू शकतो, ते आमच्या गटातल्या बाईनं केलं तर आम्ही तिला चोर ठरवलं.

दुसरी जागा प्रार्थनेची. शिष्यांना येशू प्रार्थना शिकवतो, तीत देवाला बाप म्हणून हाक मारल्यावर पहिलं मागणं भाकरीचं नाही. बापाचं नाव पवित्र मानलं जावं, हे पहिलं मागणं. भाकर नंतर येते. मला आधी हे कोड्यात टाकणारं वाटलं. देवाचं नाव पवित्र आहेच, तर ते मागायचं कशाला? मग आपल्याच भाषेनं सोडवलं. पोरगी दहावीला पहिली आली की आपण म्हणतो, बापाचं नाव काढलंस. पोरगा दारू पिऊन पडला की म्हणतो, घराचं नाव बुडवलं. बाप तोच असतो, त्यात काही कमीजास्त झालेलं नसतं. नाव राखायचं असतं ते लेकरांनी, आपल्या वागण्यानं. बायबलमध्ये नाव म्हणजे हाक मारायचा नुसता आवाज नाही, त्या माणसाची सगळी पत, त्याचा स्वभाव, त्याचा शब्द त्यात येतो.

तिसरी जागा सगळ्यात कडक. मला "प्रभू, प्रभू" म्हणणारा प्रत्येक जण आत येईल असं नाही, बापाच्या इच्छेप्रमाणे वागणारा येईल, असं येशू म्हणतो. स्वतःचंच नाव घेणाऱ्यांना तो हे सांगतो.

टिळकांनी तुकाराम पाठ केलेला होता. नामाची गोडी त्यांना नवी नव्हती, आणि नुसत्या नामाचा दिखावा तुकोबांनाही चालत नव्हता, हेही माहीत होतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते पुढे सांगत. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतल्या त्या माणसाची दोन वर्षांची मुदत जवळजवळ खरी ठरली.

आणि इथे मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. बाप्तिस्म्यानंतरही ते नारायण वामन टिळकच राहिले. नारायण म्हणजे विष्णूचं नाव. ते घेऊनच ते ख्रिस्ती झाले, पाळक झाले, रेव्हरंड झाले. त्या काळी हे गृहीत धरण्यासारखं नव्हतं. नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे झाले. आपल्या पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांचं नाव मेरी रमा ठेवलं गेलं, पण लोकांच्या तोंडी त्या रमाबाईच राहिल्या. मला टिळकांचं जास्त पटतं. तारणाऱ्याचं नाव घ्यायला आपल्या आईबापांनी ठेवलेलं नाव टाकावं लागत नाही, हे त्यांनी एक शब्द न बोलता दाखवलं. पण ज्यांनी बदललं त्यांना नावं ठेवणारी मी कोण? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहून आपणही बदललंच आहे की.

त्यांची बायको लक्ष्मीबाई. माहेरचं नाव मनकर्णिका. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि लक्ष्मी झाली, तिला कुणी विचारलं नाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावर तिच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं ती त्याच्यापासून वेगळी राहिली. मग जवळ राहायला आली तरी सोवळंओवळं आणि आपली चूल सांभाळून. जातिभेद देवानं केलेला नाही, हे तिचं तिला, स्वतः विचार करून पटलं, तेव्हा तिनं सगळ्यांच्या हातचं पाणी घेतलं. १९०० मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यासोबत नाही, पाच वर्षांनी, स्वतःच्या पायानं. आणि ती लक्ष्मीच राहिली. शाळा न शिकलेल्या या बाईनं पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिलं. ज्यांच्या गावात वाचनालय आहे त्यांनी ते नक्की मागा. मराठीत बाईनं लिहिलेलं इतकं खरं आणि इतकं हसवणारं पुस्तक मी तरी दुसरं वाचलेलं नाही. टिळक १९१९ मध्ये गेले. येशूवरचं 'ख्रिस्तायन' हे त्यांचं काव्य अर्धवट राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये टाळ-मृदंगावर म्हणतात, त्यांत येशूला आई म्हणून, गुरू म्हणून हाक मारलेली आहे.

हे सगळं वाचून झालं तोवर पुढची बैठक आली. मी रजिस्टर उघडून सगळ्यांना माझी नोंद दाखवली, तारीख दाखवली, आणि माफी मागितली. आधी वहिनीची, मग गटाची. माहेरी गेलेल्या बाईनं सहाशे रुपये आणून पेटीत टाकले. "चोराच्या मनात चांदणं" कोण म्हणालं होतं, ते मी विचारलं नाही, पण एक जण आपणहून वहिनीच्या बाजूला जाऊन बसली.

काकू मात्र अडून बसल्या. "शपथ नाही त मग खरं-खोटं कसं कळणार?" वहिनी म्हणाली, "लिहून. घेणारीची सही, देणारीची सही, पैसे पेटीत पडल्यावर." त्या दिवसापासून आमच्याकडे पैसे मोजून झाल्याशिवाय पेन उघडत नाही. आणि काकूंनीच ठराव मांडला की बैठकीत जी कोणी देवाची, आईची किंवा लेकराची शपथ घेईल तिला दहा रुपये दंड. ठराव बाराही जणींनी मंजूर केला, मी तो इतिवृत्तात लिहिला.

महिनाभरात पहिला दंड जमा झाला. बँकेनं कर्जाची फाईल परत पाठवली होती आणि मी रागानं सांगत होते की कागद मी स्वतः दिले होते, आईशपथ. काकूंनी काही न बोलता पेटी माझ्यापुढे सरकवली.